अकीकाची दुसरी फाक

१

सकाळचा चहा पिऊन होईपर्यंत आमच्या घरात कुणी बोलत नाही. हा नियम माझा. लग्नानंतर आठवड्याभरात तो बायकोच्या लक्षात आला आणि पुढची एकतीस वर्षं तिने तो पाळला. तिला तो पटला होता असं नाही, पण माझ्या तोंडी लागण्यापेक्षा गप्प बसणं तिला सोपं वाटलं. ती ओट्यापाशी पाठमोरी उभी असते, मी टेबलाशी बसून गल्लीकडे बघत असतो. पातेल्यात चमचा फिरल्याचा आवाज येतो, मग गाळणी आपटल्याचा, मग कप समोर येतो. पाठमोरी बायको मी इतक्यांदा पाहिली होती, की तिच्याकडे बघणं कधीच सोडून दिलं होतं.

त्या सोमवारी मात्र बघितलं. चमच्याचा आवाज रोजच्यासारखा नव्हता. माझं सगळं आयुष्य आवाजावर चाललेलं आहे, दगड चाकाला लागला की आवाजावरूनच कळतं तो कुठे फुटणार ते, त्यामुळे कानाला खटकलं की मान आपोआप वर होते. चमचा तिच्या डाव्या हातात होता.

झालं एवढंच. उजवा हात थकला की माणूस डावा वापरतो, त्यात बोंब मारण्यासारखं काही नाही. संध्याकाळी मी विचारलं, हात दुखतोय का. ती म्हणाली, नाही, का? मी म्हटलं, काही नाही. नवराबायकोत असलं बोलणं दिवसातून दहादा होतं आणि त्यातलं एकही लक्षात राहत नाही. हे राहिलं.

२

मी अकीक कापतो. नदीच्या पात्रात सापडणारा हा साधा दगड, वरून बटाट्यासारखा मळकट आणि आतून पट्ट्यापट्ट्यांचा. तो कापायचा, घासायचा, चमकवायचा आणि गळ्यात घालण्याजोगा करून द्यायचा. हल्ली लोक पेंडंट म्हणतात, मी लोलक म्हणतो. खाली काम आणि वर घर, मध्ये सोळा पायऱ्यांचा जिना. दगडातली केसाएवढी चीर मला दहा पावलांवरून दिसते अशी माझी ख्याती आहे. ती बरीचशी मीच पसरवली आहे.

सोमवारच्या तीन आठवडे आधी शाळेतल्या बाई दुकानात आल्या. त्या निवृत्त होऊन किती वर्षं झाली ते कुणाला सांगता येणार नाही, पण अख्खी गल्ली त्यांना अजून बाईच म्हणते. त्यांनी रुमालातून अंड्याएवढा अकीक काढला. त्याची एक बाजू कुणीतरी पूर्वीच घासून सपाट केलेली होती. मी तिच्यावर पाण्याचा थेंब टाकला, कारण ओल्या दगडातच खरं चित्र दिसतं. करड्या पट्ट्या आडव्या गेल्या होत्या, जमिनीच्या फरशीसारख्या. एका अंगाला फिकट चौकोन होता, दुसऱ्या अंगाला तपकिरी उभा पट्टा. खिडकी आणि दार म्हणावं तर म्हणता येत होतं. दगडात लोकांना काय वाटेल ते दिसतं, घोडे दिसतात, डोंगर दिसतात. मी त्यावर विश्वास ठेवत नाही, पण त्यावर माझं पोट चालतं.

बाईंनी एकच अट घातली. म्हणाल्या, "आहे ह्याच बाजूने घासा. पाठीमागून कमी करा हवं तर. पण मधून कापू नका."

मी हो म्हटलं आणि कापला.

ह्याचं कारण सांगतो. आमच्या धंद्यात रीत आहे की गिऱ्हाइकाला एक फाक द्यायची आणि दुसरी कारागिराची. दगड मधून कापला की पुस्तक उघडावं तशा दोन फाका होतात, दोन्हींवर तेच चित्र, फक्त एक दुसरीच्या उलट. बाईंचं ऐकलं असतं तर माझ्या वाटणीला नुसता भुगा आला असता. शिवाय दगडाचं पोट बघितल्याशिवाय कारागिराला चैन पडत नाही, हेही खरं. शिकंज्यात दगड बसवला, पाण्याची धार सोडली आणि करवतीचं चाक हळूहळू आत घातलं. वीस मिनिटांनी दोन्ही फाका माझ्या तळहातावर होत्या.

चित्र आत जास्त स्पष्ट होतं. फरशी, खिडकी, दार. दोन्ही फाकांत रेघ न् रेघ जुळत होती. एकाच गोष्टीचा मेळ बसत नव्हता. एका फाकेत दारात तिळाएवढा काळा ठिपका उभा होता आणि दुसऱ्या फाकेत दार रिकामं होतं. असं होऊ शकतं. डाग पातळ असला की तो एकाच बाजूला राहतो. मी असं स्वतःला समजावलं आणि मग उगाचच पाणी टाकून पुन्हा दोनदा पाहिलं.

एकाच पत्र्याच्या साच्यावरून दोन्हींना थेंबाचा आकार दिला. लाखेने काडीला चिकटवून घासले, चमकवले, वर भोक पाडून चांदीची टोपी बसवली. रिकाम्या दाराचा लोलक बाईंना दिला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला, माझ्याकडे पाहिलं, आणि रुमालात गुंडाळला. ठिपक्याचा मी बायकोला दिला. एकतीस वर्षांत तिला मी घडवून दिलेला हा दुसरा दगड. पहिला लग्नात दिला होता.

ती खूश झाली. खिडकीपाशी धरून बघत राहिली आणि म्हणाली, दारात हे कोण उभंय? मी म्हटलं, डाग आहे. ती म्हणाली, डाग असा वाट बघत उभा राहत नाही. तो रविवार होता. तिने तेव्हाच गळ्यात घातला.

३

चमच्यानंतर मला दिसायलाच लागलं.

तिचं घड्याळ उजव्या मनगटावर आलं होतं. भांग डावीकडचा उजवीकडे गेला होता. नळ उघडताना ती आधी तो आणखी घट्ट आवळायची, मग थांबायची, मग उलटा फिरवायची. टेबलाचा कोपरा तिला रोज लागायचा. ज्या घरात डोळे मिटून वावरावं त्या घरात ती पाहुणीसारखी चालत होती, भिंतीला बोटं लावत. पेपर हातात घ्यायची आणि लगेच खाली ठेवायची. चष्म्याचा नंबर बदललाय, म्हणायची.

आणि तीळ. बायकोच्या डाव्या गालावर तीळ आहे. निदान मी तसं धरून चाललो होतो. आता तो उजव्या गालावर होता.

हे लिहायला सोपं आहे. प्रत्यक्षात माझी काय गत झाली ते सांगतो. केसाएवढी चीर ओळखणारा मी, मला खात्रीने सांगता येईना की माझ्या बायकोचा तीळ कुठल्या गालावर होता. डोळे मिटून तिचा चेहरा समोर आणायला जावं तर तीळ इकडून तिकडे उड्या मारायचा. मी चोरासारखे जुने फोटो काढले. लग्नाच्या फोटोत डावा गाल, मुलीच्या बारशाच्या फोटोत डावा. फोनमधल्या दोन फोटोंत उजवा. मग आठवलं, मुलगी म्हणाली होती की फोनवर स्वतःच काढलेले फोटो उलटे येतात. म्हणजे फोनही साक्षीला उपयोगाचा नाही.

शनिवारी मुलीचा व्हिडिओ कॉल आला. ती लांब असते, आठवड्यातून एकदा तोंडं दाखवायची. आम्ही दोघं शेजारी बसलो. पडद्याच्या कोपऱ्यात आपलं आपल्याला जे लहान चित्र दिसतं, त्यात माझी नजर गेली आणि तिथेच अडकली. त्या लहान चौकटीत माझी बायको बसली होती. डाव्या गालावर तीळ, भांग जागेवर, अगदी जशीच्या तशी. मी हळूच मान वळवून शेजारी पाहिलं. तीळ उजव्या गालावर. पुन्हा चौकटीत पाहिलं. डाव्या.

मुलगी म्हणाली, आई, आज तू काहीतरी उलटी दिसतेयस, फोनचं काही सेटिंग बिघडलंय का बघ. आणि मग ती आपल्या नव्या जागेतल्या गळक्या नळावर घसरली. मी हं हं करत राहिलो.  मला भीती वाटत होती, आणि ती कुणाला सांगायची सवय मला नव्हती.

डॉक्टरकडे जाऊ या का, असं मी रात्री जेवताना म्हटलं. ती म्हणाली, कुणाला काय झालंय? तिने ते इतक्या हळू विचारलं की मी आमटीची वाटी पुढे ओढली.

४

अकराव्या दिवशी दुपारी चाकाचा पट्टा तुटला. नवा वर माळ्यावर होता, म्हणून मी अवेळी जिना चढलो. दार लोटलेलं होतं. आतून तिचा आवाज येत होता, पहिलीतलं मूल अक्षरं लावून वाचतं तसा. सकाळी... एक. जेवणानंतर... एक.

ती झोपायच्या खोलीत कपाटाच्या आरशासमोर उभी होती. रक्तदाबाच्या गोळ्यांचं खोकं तिने आरशाकडे तोंड करून धरलं होतं आणि ती आरशात बघून त्यावरची चिठ्ठी वाचत होती. पलंगावर आठवड्याभराचे पेपर पडले होते, मुलीचं जुनं पत्र होतं, गॅसचं पुस्तक होतं.

आरशात आमची नजरानजर झाली. आरशात ती माझी बायको होती. मी तिच्या पाठीकडे बघायचं टाळलं आणि आरशातच बघत राहिलो, कारण तिथे मला कमी भीती वाटत होती.

तिने खोकं खाली ठेवलं. म्हणाली, "कळलं तुम्हाला?"

मी मान हलवली.

"बसा," ती म्हणाली. "पडाल."

५

पहिल्या दिवशी तिला वाटलं होतं की आपल्याला झटका आला. रविवारी लोलक घालून ती झोपली आणि सोमवारी उठली तर सगळी अक्षरं उलटी, कॅलेंडर उलटं, खिडकी ओट्याच्या भलत्या बाजूला, जिन्याचा कठडा भलत्या हाताला. गल्लीतली सगळी माणसं डाव्या हाताने लिहितात, डाव्या हाताने जेवतात. मी विचारलं, मग बोलली का नाहीस. ती म्हणाली, सकाळी तुम्ही बोलू देत नाही. नंतर धीर झाला नाही.

ते ऐकून मला काय वाटलं ते लिहीत नाही. लाज वाटली, एवढं पुरे.

मग ती म्हणाली की तिला झटका आलेला नाही हे त्याच सकाळी कळलं होतं. चहाचा कप माझ्यापुढे ठेवताना तिने माझ्या भुवईकडे पाहिलं. ऐन पंचविशीत चाकावरून उडालेल्या कपचीची तिथे खूण आहे. ती खूण चुकीच्या भुवईवर होती, म्हणजे माणूसही दुसरा आणि घरही दुसरं. तिला माझ्याकडे एकदा बघणं पुरलं होतं. मला अकरा दिवस लागले.

आम्ही पलंगाच्या दोन टोकांना बसलो होतो. गल्लीत कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. ती माझी बायको नव्हती आणि तिच्यात माझ्या बायकोचं काही म्हणजे काही कमी नव्हतं. पदराचं टोक बोटाला गुंडाळायची तीच सवय, फक्त बोट दुसऱ्या हाताचं. एक क्षण माझ्या मनात आलं की राहू द्यावं असंच. कोणाला कळणार आहे? आणि लगेच मनात आलं की माझी कुठे असेल. ती कुणाच्या तरी ओट्यापाशी उभी असेल, उलटा नळ फिरवत, आणि सकाळी तोंड उघडायची तिला चोरी.

"तिकडे ती आमच्या ह्यांच्याजवळ असणार," ती म्हणाली. मी काय विचार करतोय ते तिला कळलं होतं. "त्यांनाही आजच कळलं असेल. तुम्ही दोघं सारखेच."

"तुला जायचंय?"

"माझा नवरा आहे तो," ती म्हणाली आणि मग रडली. मी तिला हात लावला नाही. काय नात्याने लावणार? पाण्याचा पेला तिच्या डाव्या हाताशी ठेवला.

गळ्यातला लोलक तिने काढून माझ्या हातात दिला. म्हणाली, काढून झोपून पाहिलंय, उलटा घालून पाहिलंय, काही होत नाही. ह्याची दुसरी बाजू कुठे आहे?

६

बाईंच्या घरी मी ह्याआधी कधी गेलो नव्हतो. दोन खोल्या, पुस्तकांची कपाटं, मेणकापड घातलेलं टेबल. मी दारातच सांगून टाकलं की दगड कापला होता, दुसरी फाक ठेवून घेतली होती, आणि आता पहिलीही परत हवी आहे. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

"मी कापू नका म्हटलं होतं."

"हो."

"का, ते तुम्ही विचारलं नाहीत."

"आता विचारतो."

"आता कशाला," बाई म्हणाल्या आणि उठल्या.

लोलक त्यांनी कपाटात सगळ्यात खाली, जुन्या शालीच्या घडीत ठेवला होता. गळ्यात एकदाही घातला नव्हता. रुमालासकट माझ्या हातात देताना म्हणाल्या, "तुम्ही दिलात तेव्हा दार रिकामं होतं."

मी रुमाल उलगडला. बाईंकडे पाणी मागायचा धीर होईना, म्हणून जिभेने बोट ओलं करून दगडावर फिरवलं. दारात कुणी नव्हतंच. पण आत, खिडकीच्या अंगाला, काळसर काहीतरी होतं, दाण्याएवढं, वर निमुळतं. पाठमोरं. एक बाजू जराशी उचललेली, उजवी, ढवळताना खांदा वर येतो तशी.

माणसाचा चेहरा मला लक्षात राहत नाही हे एव्हाना सिद्ध झालं होतं. पण ती पाठ मी ओळखली. माझ्या तोंडून तिचं नाव गेलं, मोठ्याने. बाई खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांनी मला दार उघडून दिलं आणि मी पायरी उतरण्याआधीच आतून कडी लावली.

७

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघं खाली कामाच्या खोलीत बसलो. दुकानाचं शटर मी ओढून घेतलं होतं. वरच्या झरोक्यातून पुरेसा उजेड येत होता. ती शेजारच्या स्टुलावर बसली होती. तिने आदल्या दिवशीची साडी धुऊन वाळवून घडी करून पलंगावर ठेवली होती. दुसऱ्याच्या घरी राहिलेला माणूस निघताना ठेवतो तशी.

मी दोन्ही लोलकांच्या चांदीच्या टोप्या काढल्या. स्पिरिटने पुसले. खरं तर हे काम मला मूर्खपणाचं वाटत होतं आणि ते मी तिला सांगितलंही. कापताना करवतीचं पातं आपल्या जाडीएवढा दगड खाऊन टाकतं. मग दोन्ही तोंडं घासली, चमकवली, त्यात आणखी गेला. मधला तो सगळा थर गाळ होऊन मोरीतून वाहून गेला होता. आता ह्या दोन फाका समोरासमोर धरल्या तरी रेघा जुळणार नाहीत. कारागीर म्हणून मी हे लिहून द्यायला तयार होतो.

"धरून तर बघा," ती म्हणाली.

मी पाणी लावलं आणि तोंडाला तोंड टेकवलं.

आवाज झाला. डबीचं झाकण बसतं तसा, बारीक. मी दगड उजेडाकडे धरला आणि कडेने पाहिलं. रेघा एका फाकेतून दुसरीत सरळ गेल्या होत्या, कुठे तुटल्या नव्हत्या, कुठे फट नव्हती. नखाने चाचपलं तर नख लागेना.  चाळीस वर्षांत मला दगडाची भीती वाटली नव्हती, तेव्हा वाटली. तो सोडून द्यावा असं हाताला वाटत होतं आणि बोटं उघडत नव्हती.

ती म्हणाली, डोळे मिटा. तुम्ही बघत असलात की मला जाववणार नाही. तिने आपला तळवा माझ्या मुठीवर ठेवला. तो गार होता आणि थोडा ओला. मी डोळे मिटले.

पाणी ठिबकत होतं, चाकाखालच्या बादलीत, थेंब, थेंब. मग मध्येच एक थेंब पडला नाही. मी त्याची वाट बघितली. कानात दडे बसल्यासारखं झालं. पुढचा थेंब पडला तो कानाच्या दुसऱ्या बाजूने ऐकू आला असं वाटलं, पण मिटल्या डोळ्यांनी दिशेचा भरवसा नसतो. मुठीवरचा तळवा निघाला. स्टूल सरकलं. आणि मग जिन्यावर पावलं वाजली, भराभर, एकतीस वर्षं ओळखीची, सोळाच्या सोळा पायऱ्या कुठेही न अडखळता. वर दार उघडलं, आणि ती हसली. मोठ्याने, एकटीच.

आपल्याच घरात आल्यासारखी.

मी डोळे उघडले. स्टूल रिकामं होतं. मूठ उघडली, तर मूठही रिकामी. तळहात नुसता ओला होता. मी वाकून जमिनीवर, चाकाखाली, गाळात हात घालून पाहिलं. दगड कुठेच नव्हता. पण त्या क्षणी मला दगडाचं सोयरसुतक नव्हतं. गेली ती गेली आणि माझी आली, एवढंच डोक्यात होतं. मी उठलो आणि धावलो. टेबलाचा कोपरा मांडीत बसला. जिन्यात कठडा धरायला हात टाकला तर हाताला भिंत लागली. मी तसाच भिंत धरून वर गेलो. तिला काय काय सांगायचं ते मी पायऱ्यांवरच जुळवत होतो. उद्यापासून सकाळी बोलायचं, हे पहिलं.

८

ती ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. गॅसवर पातेलं होतं. चमचा तिच्या डाव्या हातात होता.

माझं अवसान गेलं. म्हणजे काहीच झालं नाही, ही तीच, असं वाटलं. पण ती गुणगुणत होती. न बघता साखरेचा डबा घेत होती, न बघता परत ठेवत होती. तिने नळ उघडला आणि तो पहिल्या फटक्यात उघडला.

खिडकी ओट्याच्या उजवीकडे होती. आमची डावीकडे आहे. भिंतीवर कॅलेंडर होतं, मी महिन्याचं नाव वाचायला गेलो आणि अक्षरं डोळ्यांना धरता येईनात. एकेक ओळखीचं, आणि एकही वाचता येत नाही असं.

ती आपल्या घरी पोचली होती. आणि दगड माझ्या मुठीत होता, म्हणून तिच्याबरोबर मीही आलो होतो. एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. आणि माझ्या डोक्यात आली नाही ती तिच्या नवऱ्याच्याही आली नसणार. त्याच वेळी इकडच्या कामाच्या खोलीत तोही मूठ मिटून बसला असणार, माझ्या बायकोचा तळवा मुठीवर घेऊन. तो आता माझ्या घरात होता. माझी बायको माझ्या घरी परत गेली होती, त्याला घेऊन.

 मी दाराला धरून उभा राहिलो.

"आलात?" ती पाठमोरीच म्हणाली. तिचा आवाज मी इतका सुखी कधी ऐकला नव्हता, दोघींपैकी कुणाचाही. "मी आले हो. सगळं जागच्या जागी आहे. बघा, मला सगळं वाचता येतंय."

तिने कप भरला आणि ती वळली. तिची नजर सरळ माझ्या भुवईवर गेली.

हसू लगेच गेलं नाही. ते तोंडावर तसंच राहिलं आणि मागून डोळे बदलले. कपातला चहा थोडा बशीत सांडला. तिने खिडकीकडे पाहिलं, कॅलेंडरकडे पाहिलं, पुन्हा भुवईकडे. खालून बादलीत थेंब पडल्याचा आवाज आला. मग तिने कप माझ्यापुढे धरला. 

"अहो," ती हळू म्हणाली, "तुम्हीच ना?"

तिला दिसलं होतं. तिला पहिल्या नजरेतच कळतं. तरीही तिने विचारलं होतं, आणि विचारताना ती माझ्याकडे खरं मागत नव्हती.

माझ्या घरात, माझ्या ओट्यापाशी, माझी बायको ह्याच क्षणी कप पुढे धरून त्याला हेच विचारत होती. त्याने काय उत्तर दिलं ते मला तिथे नसतानाही कळलं. तो माझ्यासारखाच होता, भित्रा, आणि तिला रडवायचं त्याच्या जिवावर आलं असणार.

"मीच," मी म्हणालो आणि कप डाव्या हातात घेतला.